वजू संपतच नाही

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, चिपळूणची. वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुताना, कोपर कोरडं राहिलं असं वाटत राहतं, म्हणून पुन्हा धुते. पाऊण तास जातो, नमाज कझा होते, म्हणजे तिची वेळ टळते. हातांना भेगा पडल्यात. अम्मी म्हणते, सैतानाचे वसवसे आहेत, त्यानेच मनात घातलेल्या शंका; दुआ वाढव. भाऊ म्हणतो, मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. डॉक्टरकडे गेले तर माझं ईमान कच्चं ठरेल का?

उत्तर : नाही गं, मुळीच नाही. हाताला भेगा पडेपर्यंत तू हे सोसत राहिलीस, याचंच वाईट वाटतं.

तू लिहिलंयस त्यावरून हा ओसीडी असावा, म्हणजे नको ते विचार पिच्छा सोडत नाहीत आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते असा मनाचा आजार; नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील. अबू झैद अल-बल्खी हे विद्वान ९३४ साली वारले. त्यांनी शरीराचं आणि मनाचं आरोग्य एकाच ग्रंथात मांडलं आणि हटवूनही न हटणाऱ्या विचारांना त्यात वेगळं प्रकरण दिलं. शरीरासारखं मनही आजारी पडतं आणि त्यालाही इलाज असतो, असं ते मानत. अशा माणसाने एकटं राहू नये, असंही त्यांनी सांगितलंय. पुढे इब्न कुदामा या धर्मपंडितांनी तर वजूत अडकणाऱ्यांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पुन्हा पुन्हा धुणं म्हणजे धर्मनिष्ठा, हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, नियमच आहे की नुसत्या शंकेने खात्री मोडत नाही. आणि पैगंबरसाहेबांचा वजू एका मुद्द पाण्यात, म्हणजे लहानशा तांब्याभर पाण्यात होत असे, ही हदीस तुला माहीत असेलच.

ओसीडीवरच्या उपचारातही हेच करून घेतात. एकदा धुऊन झालं की शंका येऊ द्यायची, पण नळाला हात लावायचा नाही. सुरुवातीला जीव कासावीस होईल. मग हळूहळू ती तगमग ओसरते. गरज वाटली तर डॉक्टर गोळ्याही देतील. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नकोस.

अम्मीचं मन मोडू नकोस, दुआ जरूर कर. फक्त ‘नीट म्हटली गेली नाही’ म्हणून तीच दुआ दहादा म्हणायला लागलीस, तर आजार तिथेही शिरलाय असं समज. ‘झाला ना गं माझा वजू?’ असं घरात विचारत असशील तर तेही थांबव. ‘झाला’ हे उत्तर घटकाभरच पुरतं.

या आठवड्यातच वेळ घे आणि भावाला सोबत ने. तोवर बोलावंसं वाटलं तर १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो.