तुरा काळा पडलाय, बल्ब लावू का?

प्रश्न : ताई, आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात गावाबाहेर राहतो. परसात सहा लेगहॉर्न कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. जानेवारीत पारा उणे २५ सेल्सिअसच्या खाली गेला, तेव्हा खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवल्या, खिडकीवर प्लॅस्टिक ठोकलं, तुऱ्यांना व्हॅसलीन लावलं. तरी कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. बारामतीहून सासूबाई रोज फोनवर विचारतात, 'बल्ब का लावत नाही?' लावू का? आणि काळी टोकं कापायची का?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : बल्ब नको, आणि कात्री तर मुळीच नको. सकाळी खुराडं उघडता तेव्हा खिडकीच्या काचेवर आतून ओल किंवा बर्फाचा थर दिसतो का, ते बघा. माझी खात्री आहे, दिसेल. तुमच्या कोंबड्याला नुसत्या थंडीने नाही, त्या ओलीने गाठलं.

कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं. पिसं फुलवून बसली की कोरड्या जागेत ती बरीच कडक थंडी काढते. पण रात्रभरचा श्वास आणि खाली पडणारी शीट यांतून वाफ निघत राहते. फटी बुजवल्या की ती आतच कोंडते आणि जिथे पिसं नाहीत तिथे, म्हणजे तुऱ्यावर, चोचीखालच्या लाल पाळ्यांवर, बोटांवर बसते. ओला भाग लवकर गोठतो. बारामतीत खुराड्याला गोणपाट बांधतात ते ठीकच आहे, कारण गोणपाटातून हवा खेळते. प्लॅस्टिकमधून नाही खेळत.

तेव्हा आधी ते प्लॅस्टिक काढा. छताच्या लगत, समोरासमोरच्या भिंतींत झरोके पाडा आणि त्यांना बारीक जाळी ठोका, नाहीतर कोंबड्या पळवणाऱ्या रॅकूनला आयतं दार मिळेल. हवा कोंबड्यांच्या डोक्यावरून जायला हवी, अंगावरून नाही. मी एक सोपी परीक्षा करते. कोंबड्या बाहेर असताना, खालच्या भुशाला जपून, बसायच्या दांडीपाशी उदबत्ती धरायची. धूर सरळ वर जाऊन झरोक्यातून निघाला तर उत्तम. आडवा पळाला तर त्या उंचीवरची फट बुजवायची, फक्त तेवढीच.

दांडी गोल असेल तर बदला. टू-बाय-फोरचं, म्हणजे दोन बाय चार इंची, लाकूड रुंद बाजू वर करून बसवलं की कोंबडी बोटं पोटाखाली झाकून बसते. खाली लाकडाच्या भुशाची वीतभर गादी ठेवा आणि दांडीखालची शीट रोज सकाळी खरवडून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मी ओल तिथेच जाते. पाण्याचं उघडं भांडं रात्री आत ठेवू नका. पाणी पिताना पाळ्या भिजतात, म्हणून दिवसासुद्धा निपलचं (चोच मारली की थेंब थेंब पाणी देणारं), न गोठणारं भांडं बरं.

आता बल्ब. अडीचशे वॅटचा तांबडा दिवा, खाली कोरडा भुसा, हवेत पिसांची धूळ: असली खुराडी पेटतात. शिवाय उबेला सवकलेल्या कोंबड्या हिमवादळात वीज गेली की उघड्या पडतात. सासूबाईंना हे असंच सांगा. व्हॅसलीन लावायचं तर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

काळी टोकं आपोआप वाळून गळतील, तोवर ती खालच्या जिवंत भागावर झाकण म्हणून असू द्या. पुढे कधी तुरा पांढरट पडलेला किंवा सुजलेला दिसला तर चोळू नका, हेअर ड्रायर मारू नका. कोंबड्याला गॅरेजमध्ये खोक्यात ठेवून हळूहळू ऊब मिळू द्या, आणि बरा होईपर्यंत त्याच थंडीत परत सोडू नका. दुसऱ्यांदा गोठलं की जास्त नुकसान होतं. पू किंवा वास आला तर पशुवैद्याला दाखवा. या दुखण्यात कोंबड्याची फळवण्याची ताकद काही काळ घटू शकते, म्हणून एवढ्यात अंडी उबवायला ठेवू नका.

पुढच्या खेपेला मात्र उंच एकेरी तुऱ्याच्या लेगहॉर्न घेऊ नका. बसक्या तुऱ्याच्या वायनडॉट घ्या, नाहीतर कॅनडाची शाँतक्लेर. क्यूबेकमधल्या ओका मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या हिवाळ्यासाठीच तयार केली. तिचा तुरा इतका छोटा की गोठायला फारसं काही उरतच नाही.

प्रश्न : निफाडला पारा पाच अंशांवर आलाय. आमच्या कोंबड्यांचे तुरे गोठतील का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : नाही. पाच अंशांत तुरा गोठत नाही. काळजी पिल्लांची करा, आणि तुम्हाला मात्र बल्ब हवाच, जाळीच्या टोपात आणि साखळीने पक्का टांगलेला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर दिवा खाली घ्या, लांब पळाली तर वर. शेकोटी द्राक्षबागेत पेटवा, शेडच्या तोंडाशी नको. त्या धुराने पिल्लं दगावतात.