जर्मनीतल्या युथ सेंटरमध्ये वर्षभर स्वयंसेवक म्हणून जातेय. मुलं माझं ऐकतील का? सुरुवात कशी करू?

नाही ऐकणार. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

तू लिहिलंयस की वय २२, जर्मन ए२ (म्हणजे भाषेची दुसरी पातळी) झालंय, सप्टेंबरात रुजू व्हायचंय आणि पहिल्या महिन्यात घ्यायच्या उपक्रमांची यादी तयार आहे. ती यादी बॅगेतच राहू दे, एवढं सांगायला हे उत्तर लिहितेय. २०२२-२३ मध्ये कासेलजवळच्या एका छोट्या गावात मी हेच काम केलं. (प्रश्नात ताई म्हणालीस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.)

मी तर यादीच्याही पुढे होते. पेनड्राइव्हवर 'माझा भारत' नावाच्या ४० स्लाइड घेऊन गेले होते. दुसऱ्याच आठवड्यात कार्यक्रम ठेवला. तीन पोरं आली. एक मोबाइल चार्ज करायला, दुसरा त्याच्यासोबत. तिसरी शेवटपर्यंत बसली आणि मग विचारलं, तुमच्याकडे साप घरात येतात का? मी सांगलीची. पूर आला की येतात, असं खरं उत्तर दिलं. पुढचे दोन महिने माझी तेवढीच ओळख होती.

शाळा आणि युथ सेंटर यांतला फरक तिथल्या बायांनी मला नंतर समजावला. सेंटरमध्ये हजेरी नसते. मुलं मर्जीने येतात, मर्जीने उठून जातात. कोणी काही न करता चार तास सोफ्यावर लोळला तरी त्याला कोणी हटकत नाही. आपल्याला ते बघवत नाही, हात शिवशिवतात काहीतरी शिकवायला. आवर.

दुसरं म्हणजे, तू तिथे 'बुफ्डी' असणार. जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची लष्करभरती थांबवली. त्याआधी लष्कराला नकार देणारी मुलं इस्पितळांत, वृद्धाश्रमांत नागरी सेवा करायची. ते हात एकदम गेले, म्हणून त्याच जुलैपासून बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट ही स्वयंसेवकांची सरकारी योजना आली. एवढं लांबलचक नाव कोण घेणार, म्हणून त्यातला स्वयंसेवक तो बुफ्डी. आमच्याकडे दर सप्टेंबरात नवा बुफ्डी यायचा आणि ऑगस्टात निघून जायचा. पोरांनी असे चार-पाच येताना-जाताना पाहिलेले होते. हिच्यात जीव गुंतवून काय उपयोग, हा हिशोब तेरा वर्षांच्या पोरालाही कळतो. तो राग तुझ्यावरचा नसतो, तुझ्या आधीच्या चौघांवरचा असतो.

मग पहिल्या महिन्यात करायचं काय? हरायचं. आमच्याकडे एक टेबल-फुटबॉल होतं, त्याला ते 'किकर' म्हणतात. मी पहिल्यांदा दांडा धरून गरागरा फिरवला तर चारही बाजूंनी ओरडा झाला: 'निश्ट कुर्बेल्न!' दांडा असा फिरवायचा नसतो, नियमात बसत नाही. क्लासमध्ये कधी न शिकलेलं हे माझं पहिलं पाठ वाक्य. त्यानंतर रोज चार वाजता मी किकरपाशी जाऊन उभी राहायचे आणि रोज हरायचे. त्याच सुमारास युक्रेनहून आलेला एक मुलगा होता, जर्मन माझ्याहून कच्चं. आम्ही दोघं एका बाजूने खेळायचो आणि दोघं मिळून शिव्या खायचो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. मग पाचच्या सुमारासच अंधार पडतो आणि पोरं बाहेर भटकायची ती आत यायला लागतात. किकरची रांग वाढली तसे मला पार्टनर मिळायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही.

तुझं ए२ पहिले काही आठवडे कामाला येणार नाही, कारण ती पोरं पुस्तकातलं जर्मन बोलतच नाहीत. चुकीचं बोल. पुल्लिंगी 'डेर'च्या जागी स्त्रीलिंगी 'डी' म्हटलंस की दुरुस्त करायला त्यांना कोण आनंद होतो! मोठ्यांना काही शिकवायची संधी त्यांना एरवी कुठे मिळते? ती तुला नावाने आणि 'डू', म्हणजे 'तू', म्हणूनच हाक मारतील, त्यात अपमान नाही. साहेबालाही तसंच.

दोन गोष्टींत मात्र ढिलाई नको. एक, फोटो. मी कौतुकाने पोरांचा फोटो स्टेटसला टाकला. दहा मिनिटांत फोन आला की आधी काढ. आई-बापाच्या परवानगीशिवाय मुलांचा फोटो कुठेही टाकायचा नाही. दुसरी जास्त महत्त्वाची. ओळख झाली की कोणीतरी एक दिवस म्हणेल, तुला एक सांगते, पण कुणाला सांगू नकोस. तसं वचन देऊ नकोस. ऐकण्याआधीच सांग की गंभीर असेल तर मला वरिष्ठांना सांगावं लागेल. मी एकदा हो म्हणून बसले आणि दोन रात्री झोपले नाही. शेवटी सांगितलंच, आणि ती पोरगी महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

कागदांचं थोडक्यात: होर्टमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावर लहान मुलं थांबतात तिथेही ड्युटी असेल, तर गोवराच्या दोन डोसांचा पुरावा मागतात. मार्च २०२०पासून तसा कायदाच आहे. आईच्या कपाटातलं लसीकरणाचं कार्ड आत्ताच शोध. वर्षात २५ दिवस सेमिनार असतात, ते बुडवू नकोस. बाकीचे बुफ्डी तिथेच भेटतात आणि रडायला तीच बरी जागा.

खाण्याचं राहिलं. पहिल्याच दिवशी मी जेलीच्या गोळ्यांची पिशवी नेली आणि निम्म्या पोरांनी हात लावला नाही. जिलेटिन डुकराचं. नंतर कांदाभजी केली. बेसन, कांदा, तेल, त्यात कुणाचाच धर्म आड येत नाही. सेंटरच्या किचनमधला धुराचा अलार्म वाजला, पण दर शुक्रवारी भज्यांची ऑर्डर यायला लागली ती तेव्हापासून. बेसन तुर्की दुकानात मिळतं. हिंग मला कुठे मिळाला नाही. डबी तीन पिशव्यांत बांधून चेक-इनच्या बॅगेत टाक, नाहीतर सगळ्या स्वेटरना वर्षभर फोडणीचा वास येत राहील.