मानसिक आरोग्याचं सरकारी धोरण तांड्या-मोहल्ल्यापर्यंत पोचतं का?

तुम्ही विचारलंय की सरकारच्या मानसिक आरोग्य धोरणात वेगवेगळ्या समाजांच्या भाषेचा, रीतीभातींचा विचार केलाय का, आणि मराठवाड्यात बंजारा, मुस्लिम, पारधी अशा लोकांपर्यंत ते खरंच पोचतं का. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात अकरा वर्षं हेच काम करते, समाजसेविका म्हणून. कायद्यात विचार आहे, आणि चांगला आहे. पोचण्याचं म्हणाल तर दारात कोण जातं आणि कुठल्या भाषेत विचारतं, यावर सगळं येऊन थांबतं.

आधी कायद्याचं सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 नुसार सरकारी खर्चानं चालणारे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. धर्म, जात, संस्कृती, वर्ग, लिंग यावरून त्यात भेदभाव चालणार नाही, असं तिथं नाव घेऊन लिहिलंय. कलम 22 प्रमाणे आजाराची आणि उपचारांची माहिती रुग्णाला समजेल त्या भाषेत द्यावी लागते. एखाद्या समाजासाठी वेगळी योजना मात्र माझ्या कामात कधी आली नाही. आमच्याकडे जे मिळतं ते जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून, म्हणजे बहुतेक सिव्हिलमधून. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. किनवटच्या माणसाला येरवडा म्हणजे परदेशच.

आता एका बाईंचं सांगते. नाव-गाव सांगत नाही, तांडा आहे एवढंच. पंचेचाळीशीच्या असतील. घरच्यांनी दोनदा भगताकडं नेलं होतं, एकदा गुरुवारी दर्ग्यावर. आशाताई प्रश्नावली घेऊन गेल्या. निराश वाटतं का? नाही. कशातच रस वाटत नाही असं होतं का? नाही. स्वतःला कमी लेखता का? नाही. सगळी 'नाही' भरून फॉर्म जमा झाला. कागदावर बाई ठणठणीत.

पुढच्या महिन्यात त्याच तांड्यावर दुसरी आशा गेली, ती स्वतः बंजारा समाजाची. बाई अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. ही शेजारी बसली, एक मूठ घेऊन खडे वेचायला लागली आणि गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलत राहिली. फॉर्म काढलाच नाही. अर्ध्या तासानं बाई सांगू लागल्या. काळजाला मुंग्या येतात. डोक्यावर कुणी पाटा ठेवल्यासारखं जड होतं. पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडाच राहतो. भाकरी तोंडात फिरते, गिळत नाही. विहिरीकडं जायची भीती वाटते. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि आशानं तिथूनच मला फोन लावला.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. 'निराश' हा शब्द त्यांच्या जगण्यात कधी आलाच नव्हता. आमच्या भागात दुखणं काळजात, डोक्यात, पोटात सांगतात. मोहल्ल्यातल्या बाया म्हणतात, "दिल घबराता, नींद नै लगती." मराठी शेतकरी म्हणतो, "करमत नाही, जीव लागत नाही." 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला हा मुलूख आहे: देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, गावोगावी दखनी, तांड्यावर गोरमाटी, किनवट-माहूरकडं गोंडी आणि कोलामी. प्रश्नावली मात्र पुस्तकी मराठीत. धोरणात बदल करायला मला कुणी एकच संधी दिली तर मी नवी इमारत मागणार नाही. प्रश्न विचारणारी माणसं त्या त्या वस्तीतली घ्या आणि ते बोलतात त्या शब्दांत प्रश्न लिहा, एवढंच मागेन.

कुठल्या समाजात किती आजारी हे तुम्ही शोधायला जाल, तर हाताला फार काही लागणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेनं 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं ते बारा राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. तरी त्यातली एक गोष्ट इथंही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वेगवेगळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते.

शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला. आशांकडून घरोघरी चौकशी, 104 या हेल्पलाइनवर समुपदेशन, सिव्हिलमध्ये उपचार. त्यानं माणसं वाचली, हे मी जवळून पाहिलंय. पण ती 'शेतकरी समुपदेशन' सेवा म्हणून सांगितली गेली. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो म्हणायचा, हे आपल्यासाठी नाही. पारधी वस्तीवर तर दारात अनोळखी माणूस वही घेऊन आला की आधी पोलीसच आठवतो. तिथं दोन-तीन चकरा नुसत्या ओळख करून घेण्यात जातात, आणि त्या चकरांना अहवालात रकाना नसतो.

भगत आणि दर्ग्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण या प्रश्नाचा अर्धा भाग तोच आहे. साखळीनं बांधणं, मारणं, चटके देणं याला माझा ठाम विरोध आहे. भूत उतरवायच्या नावाखाली हे करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या जागेला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळीनं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. 28 जण गेले. पण नुसता अंगारा लावणाऱ्याशी, दुआ मागणाऱ्याशी मी भांडत नाही. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ शेजारी शेजारी ठेवून पाहिलं गेलं: मुजावर रुग्णाला डॉक्टरकडं पाठवतात, डॉक्टर दुआ बंद करायला सांगत नाहीत. आमच्या त्या बाईंना सिव्हिलला यायला घरच्यांनी होकार दिला तो भगतानं "गोळीबी घ्या" म्हटल्यावरच. मी आधी जाऊन त्याच्याजवळ तासभर बसले होते.

गोळ्या सुरू झाल्या. पोळ्यापर्यंत बाई झोपायला लागल्या, जेवायला लागल्या. आणि दसरा झाल्यावर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेल्या. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, थांबणार कशा?

धोरणाची मोठी फट मला इथं दिसते. आमचे हजारो रुग्ण वर्षाचे पाच-सहा महिने जिल्ह्यातच नसतात. ते सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. आम्ही गोळ्या देतो महिन्याच्या. दिवाळीनंतर बाईंच्या संपल्या. नवरा एक दिवसाची मजुरी बुडवून तिकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात गेला, तर उत्तर मिळालं, "तुमच्या जिल्ह्यातून आणा." खरं तर यादीतली अत्यावश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात फुकट मिळावीत, असं कलम 18 मध्येच आहे, जिल्ह्याची अट त्यात नाही. पण खिडकीवर उभ्या माणसाला कलम कोण सांगणार? गुढीपाडव्याला बाई परत आल्या त्या पुन्हा पहिल्यासारख्या, अंगानं निम्म्या. मला त्या दिवशी फार रडू आलं.

तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर 14416 हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा, नंबर द्या. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन लागल्यावर आपली भाषा मागायला लाजू नका; तेलुगू, कन्नड बोलणारे मिळतात, गोरमाटी मला अजून मिळालेली नाही. सिव्हिलला जाताना आपली भाषा जाणणारं माणूस सोबत न्या, जमलं तर शेजारीण. सासू किंवा नवरा दुभाष्या असला की निम्मं बोलणं पोटातच राहतं.

त्या बाईंसाठी आता आम्ही दरवर्षी दसऱ्याआधी डॉक्टरांकडून तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतो. सोबत आजार, गोळी आणि कलम 18 लिहिलेली शिक्क्याची चिठ्ठी. संक्रांतीच्या सुमारास गावाकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पुढच्या गोळ्या जातात. मागच्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी मी तांड्यावर गेले, तर बाईंनी ती चिठ्ठी रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात वरच ठेवली होती. "कोपीत पाणी शिरलं तरी हे भिजायचं नाही," म्हणाल्या. यंदाही तिकडच्या रुग्णालयानं ती चिठ्ठी बघून गोळ्या दिल्या.