कॅज्युअल्टीतली पहिली नाइट

अरे, फार्मसीच्या काउंटरवर चिठ्ठीची वाट बघत बसू नकोस. ड्यूटी घेतानाच क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सी औषधांची ट्रॉली, उघड, ॲड्रेनॅलिनच्या अँप्यूलवरची एक्स्पायरी स्वतः वाच. पोटॅशियम क्लोराइड तिथे सुटं दिसलं तर सिस्टरांना सांगून कुलपात टाक. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं.

भातलावणीत मुळशी-वेल्ह्याकडून सर्पदंश येतात. सुरुवातीलाच सापाच्या विषावरच्या औषधाच्या (अँटी-स्नेक व्हेनम) साधारण 8-10 व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. साप काही वजन बघून विष सोडत नाही. पावडर विरघळताना व्हायल हलकेच फिरव. मी पहिल्यांदा घाईत खळखळून हलवली, नुसता फेस! सिस्टरांनी काय बघितलं माझ्याकडे...

तोंडी ऑर्डर मोठ्याने परत म्हणून दाखव. डॉक्टर वैतागतील, वैतागू देत. आणि चहा अकराच्या आत उरकून घे.