महासत्तेने दूरच्या प्रादेशिक संघर्षात कधी उतरावं?

काय घडलं की फौजा परत बोलावणार, हे एका वाक्यात सांगता येत असेल तर. येत नसेल तर उतरू नये, कारण मग उद्दिष्ट वाढतच जातं.

१९९१ चं कुवेत घ्या. कुवेत बळकावलेल्या इराकला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. ६७८ ने १५ जानेवारीपर्यंत मुदत दिली होती. काम ठरलेलं: इराकी फौजा कुवेतबाहेर काढायच्या. जमिनीवरची लढाई साधारण १०० तासांत थांबवली, बगदाद घ्यायला कोणी गेलं नाही. अर्धवट सोडलं अशी टीका झाली खरी, पण २००३ च्या इराक युद्धात बगदाद घेतल्यानंतर तिची धार बोथट झाली.

लिबियात २०११ साली नेमकं उलट. परिषदेचा ठराव क्र. १९७३ नागरिकांच्या संरक्षणापुरता होता. विमानहल्ले मात्र तिथला हुकूमशहा गद्दाफी पडेपर्यंत चालले. नंतर सशस्त्र टोळ्यांना आवरायला जमिनीवर फौजच नव्हती. त्या ठरावावर तटस्थ राहिलेल्या रशिया-चीनने त्याच वर्षी सीरियाच्या ठरावावर नकाराधिकार वापरला. एका ठिकाणी मर्यादा ओलांडली की दुसरीकडचं दार असं बंद होतं.

उतरायला कायद्याचा आधार थोडक्यात: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ५१ खालचं स्वसंरक्षण (हल्ला झालेल्या देशाने मदत मागितली तर तेही यातच), सुरक्षा परिषदेची मंजुरी, किंवा तिथल्या सरकारचं निमंत्रण. निमंत्रण सगळ्यात निसरडं. राजधानीपुरतं उरलेलं सरकारही बोलावणं धाडतं.

आणि वंशसंहार सुरू असेल तर? तिथे उशीर हाच निर्णय ठरतो. एप्रिल १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असताना परिषदेने शांतिसेनेची मंजूर संख्या २७० वर आणली.