नाक फुटतं तिथून सुरू कर

सोलापूर,
मंगळवार, रात्री

प्रिय दोस्ता,

तुझी १८ पानं दोनदा वाचली. एकदा चहासोबत, एकदा हातात पेन्सिल घेऊन. जहाजावर राहून कायदे मोडणाऱ्या म्यूटंटांच्या, म्हणजे जन्मानंच अचाट शक्ती मिळालेल्यांच्या, कॉमिकवर सोलापुरात बसून कुणी मराठीत एवढं मनापासून लिहितंय, याचं कौतुक आहेच. पण जहाज अकराव्या पानावर येतं बे! त्याआधीची दहा पानं सत्ता, अस्मिता, केंद्र आणि परीघ. मला वाटलं एखाद्या चर्चासत्राची निमंत्रणपत्रिकाच वाचतोय.

रागावू नकोस. मी साहित्याचा प्राध्यापक नाही, तुला ठाऊक आहे. आयुष्यभर चादरीची नक्षी ग्राफच्या कागदावर काढली. तिथे प्रत्येक बारीक चौकोनात एकच निर्णय असतो, उभा धागा वर की खाली. एक चौकोन चुकला की मोराची मान चादरभर वाकडी होते, आणि ते कळतं चादर मागावरून उतरल्यावर. मोर कशाचं प्रतीक आहे हे मला कुणी कधी विचारलं नाही. मान सरळ आहे का, एवढंच विचारलं. कॉमिकही चौकटींचंच काम, म्हणून मी तुला आधी मानेबद्दल विचारणार.

एक्स-मेन या म्यूटंटांच्या कॉमिक-जगातल्या 'मरॉडर्स' मालिकेचा पहिला अंक ऑक्टोबर २०१९ मधला. लेखन जेरी डग्गनचं, चित्रं मॅटिओ लोलीची. क्राकोआ हे जिवंत बेट आता म्यूटंटांचा देश झालंय, आणि जगभर त्याची वेलीफुलांची दारं उगवली आहेत. म्यूटंटानं दारात पाय टाकला की तो थेट बेटावर. माणसाला परस्पर आत जाता येत नाही. हे सगळं तू नीट सांगितलंस. मग अंकाच्या सुरुवातीलाच किटी प्राइड अशाच एका दाराकडे चालत जाते, दार तिला आत घेत नाही, आणि तिचं नाक फुटतं. या प्रसंगाला तू एक ओळ दिलीस: 'विनोदी सुरुवातीनंतर कथा गंभीर वळण घेते.'

इथेच थांबायला हवं होतं. या पोरीची शक्ती कोणती? भिंतीतून आरपार जाण्याची! जानेवारी १९८० मध्ये ती पहिल्यांदा कॉमिकमध्ये आली तेव्हापासून तिला कुठलीच भिंत अडवू शकलेली नाही. तिजोरी, तुरुंग, सगळ्यातून ती वाऱ्यासारखी जाते. आणि तिच्याच लोकांनी तिच्यासारख्यांसाठी उघडं ठेवलेलं दार तेवढं तिला भिंत होतं. वाचकाला हसू येतं, कारण आपटणं हे हसण्यासारखं असतंच. पण त्या हसण्याखाली अख्ख्या मालिकेचं इंजिन आहे. दारातून जाता येत नाही म्हणून ती होडी घेऊन बेटावर पोचते. होडीवरून येते म्हणून तिच्याकडे जहाज येतं. रशियात सैनिकांनी दाराची वाट अडवून ठेवलीय आणि म्यूटंट अलीकडे अडकलेत हे कळल्यावर त्यांना सोडवायला तीच जाते. बाकीच्यांना दार म्हणजे येण्याजाण्याची सोय. ज्याला दारानं नाकारलं, त्यालाच दाराबाहेर कोण उभं आहे ते दिसतं. हे वाक्य तू लिहायला हवं होतंस. मी लिहिलं म्हणून आता उचलू नकोस, तुझं वेगळं शोध.

आणि हा विनोद संपलेला नाही. सहाव्या अंकात तिच्याच बाजूचा म्हणवणारा सेबॅस्टियन शॉ तिला मारतो. कसा? क्राकोआच्याच वेलींत जखडून समुद्रात बुडवतो, कारण त्यातून तिला निसटता येत नाही हे त्याला माहीत असतं. पहिल्या अंकात ज्याच्यावर आपण हसलो, सहाव्यात त्याच गोष्टीनं तिचा जीव जातो. तू या मृत्यूला 'धक्कादायक' म्हटलंस. धक्का कसला? लेखकानं फास पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर टांगून ठेवला होता. आपण त्याला झोका समजलो.

एक काम कर. तो दाराचा प्रसंग पुन्हा उघड आणि संवादांच्या फुग्यांवर कागदाच्या पट्ट्या ठेव. शब्द झाकले की काय उरतं ते बघ. चौकटी किती? दार कुठल्या चौकटीत पूर्ण दिसतं, कुठे अर्धं? आपण तिच्या पाठीमागे उभे आहोत की समोर? आपटल्याचा क्षण दाखवलाय की दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेत सोडलाय? उत्तरं मी देणार नाही. तूच मोज आणि वहीत लिही. अर्थ नंतर.

मोबाइलवर वाचताना तू एकेक चौकट मोठी करून बघतोस, ते मी पाहिलंय. लढाईला ते ठीक आहे. लढाया मीही भराभर उलटतो, खरं सांगायचं तर त्या सगळ्या सारख्याच वाटतात. पण एकेक चौकट पाहिली की पान हरवतं. चादर काय धागा धागा पाहून कळते होय? शिवाय मधे मधे येणारी नुसत्या मजकुराची पांढरी पानं तू सोडून देतोस. तसं करू नकोस, व्यवहार आणि पैसा तिथेच लपलेला असतो.

आता नावं. तुझ्या १८ पानांत नावांवर एक परिच्छेदही नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

ती म्हणते, मला किटी म्हणू नका, केट म्हणा. तू लिहिलंस, 'ती प्रौढ झाली.' बरोबर, पण अर्धंच. १९८१ च्या सुरुवातीला एक्स-मेनच्या १४१व्या अंकात एक भविष्यकाळ दाखवला होता. तिथे म्यूटंट छावणीत कोंडलेले आहेत, गळ्यात शक्ती दाबून टाकणारे पट्टे आहेत. त्या छावणीत हीच मुलगी मध्यमवयीन झालेली भेटते, आणि तिथे तिचं नाव केट आहे. ३८ वर्षांनी ती हेच नाव मागून घेते तेव्हा त्यात मोठं होणं आहेच, पण छावणीही आहे. डग्गनच्या मनात हे होतं का? ते मला विचारू नकोस. नक्षी काढणाऱ्याच्या मनात काय होतं ते चादर सांगत नाही. कापडात काय उतरलंय तेवढं सांगते.

दुसरं नाव जहाजाचं. मरॉडर म्हणजे लुटारू, धाड घालणारा. पण एक्स-मेनच्या जगात मरॉडर्स आधीपासून आहेत. १९८६ च्या कथानकात याच नावाच्या मारेकऱ्यांच्या टोळीनं भुयारात राहणाऱ्या मॉरलॉक म्यूटंटांची कत्तल केली. त्याच हल्ल्यात किटी अशी जखमी झाली की तिचं शरीर पुन्हा घट्टच होईना, ती धुक्यासारखी होऊन राहिली. ज्यांनी आपल्याला धूर केलं त्यांचं नाव ती आपल्या जहाजाला देते. यावर तू 'आकर्षक नाव' असा शेरा मारून पुढे गेलास. अरे!

तिसरं नाव लाल राणी, म्हणजे केटचा हुद्दा. जहाज ज्या व्यापारी कंपनीचं, त्या हेलफायर ट्रेडिंग कंपनीत एमा फ्रॉस्ट पांढरी राणी, शॉ काळा राजा. आपल्या पटावर दोनच रंग असतात. तिसऱ्या रंगाचं मोहरं आणून ठेवलं की ते कुणाच्या बाजूनं खेळणार हे पटाला कळत नाही. शॉला ते फार लवकर कळतं, हा भाग वेगळा.

आणि तिची बोटं बघ. खलाशी दोर हातातून निसटू नये म्हणून बोटांवर 'होल्ड फास्ट' गोंदवून घेत, म्हणजे घट्ट धर. इंग्रजीत आठ अक्षरं, आठ बोटं. केटही तेच गोंदवते. मग ती मरते, आणि मेलेल्या म्यूटंटांना परत आणणाऱ्या क्राकोआवर नेमकी हिलाच परत यायला वेळ लागतो. परत येते ती कोऱ्या बोटांनी. त्या आठ बोटांवर ती आता दोन नवे शब्द गोंदवते: 'किल शॉ', म्हणजे शॉला मार. इंग्रजीत पुन्हा आठच अक्षरं. मोजलीस का? आधी दोर धरायचा होता, आता गळा. अख्खा बदल पेराएवढ्या जागेत मावलाय.

आता तुझं शेवटचं वाक्य: 'म्यूटंट म्हणजे जगभरातले शोषित.' मी त्यावर लाल रेघ मारली आहे. चुकीचं आहे म्हणून नाही. इतकं सैल आहे की त्यात कुणीही मावतं, म्हणून.

जन्मानंच बेकायदा ठरणं म्हणजे काय, हे शोधायला तुला सोलापूरबाहेर जायची गरज नव्हती. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. गुन्हा करायचीही गरज नव्हती, जन्म पुरे होता. आपल्या गावात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी काढायची, आणि दिवसा गिरणीत राबायचं. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर. तेव्हापासून ते विमुक्त. पण माझ्या लहानपणी, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आई बजावायची, 'सेटलमेंटकडे खेळायला जायचं नाही.' का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी गेलो नाही. आज लाज वाटते, पण तेव्हा मला वाटायचं मी शहाणा मुलगा आहे.

म्हणून मी रशियातल्या त्या दाराचा प्रसंग वाचतो तेव्हा माझं लक्ष केटकडे कमी आणि पहारा देणाऱ्याकडे जास्त जातं. तो काही राक्षस नाही, त्यालाही कुणीतरी 'तिकडे जायचं नाही' एवढंच सांगितलेलं असणार. तू कुणाकडे बघतोस ते तपास.

मात्र सेटलमेंट आणि क्राकोआ एकमेकांवर चिकटवू नकोस. सोलापुरी चादर उलटली की तीच नक्षी दिसते, पण रंग उलटे होतात. तसं उलटून बघ. सेटलमेंटमधल्या माणसाकडे जहाज नव्हतं, बेट नव्हतं, औषधांची मक्तेदारी तर नव्हतीच. क्राकोआकडे तीन औषधं आहेत: एक आयुष्य पाच वर्षांनी वाढवतं, एक जंतुसंसर्गावर चालतं, एक मनाच्या आजारांवर. आमच्या देशाला मान्यता द्या, औषध घ्या, असा सौदा आहे. मान्यता न देणाऱ्या देशांत तेच औषध चोरवाटेनं पोचवायचं आणि येताना अडकलेले म्यूटंट आणायचे, हा या जहाजाचा धंदा. म्हणजे आपले नायक बंडखोरही आहेत आणि एका व्यापारी कंपनीचे नोकरही. 'व्यापारी कंपनी' आणि 'जहाज' हे शब्द शेजारी आले की मराठी माणसाच्या कपाळावर आठी पडायला हवी. तुझ्या पडली नाही. कॉमिक या कंपनीवर जरा जास्तच लट्टू आहे असं माझं मत आहे. एमाचे पांढरे कपडे, महागडी दारू, सगळं फार चकचकीत. इथे लेखकाशी भांडायची संधी होती, तू ती सोडलीस.

त्याच पानावर तू 'समुद्री चाचे' हा शब्द बिनधास्त वापरलास. कुणाच्या तोंडचा शब्द? कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या कागदात चाचा आणि मराठ्यांच्या कागदात सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख. माणूस तोच, समुद्रही तोच. आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय त्यांच्या पाण्यातून जाऊ पाहणारं जहाज धरलं जायचं, आणि ज्याला हे दस्तक मान्य नव्हतं त्यानं त्याला लूट म्हटलं. दस्तक, हजेरी, दार: परवाना कोण देतं आणि कोण मागतं, हा एकच प्रश्न तिन्हीकडे आहे. मला तुझ्या लेखात तो हवाय. पण नुसता प्रश्न नको, पान दाखवून हवाय. अमुक अंक, अमुक चौकट, इथे केटचा हात असा आहे, म्हणून मी असं म्हणतो.

(आपल्या गावाला समुद्र नाही म्हणून तू लेखात माफी मागितलीस, ती काढून टाक. कंबर तलावावर पोहायला शिकलेल्याला बुडण्याची भीती समजायला अरबी समुद्र लागत नाही.)

हे लिहिताना साडेअकरा वाजले. बायको म्हणतेय, कार्टूनवर एवढं काय लिहिताय. तिला पहिला अंक वाचायला दिला होता. तिनं एकच विचारलं: 'नाक फुटल्यावर कुणी धावत आलं का हिच्याकडे?' तुझ्या १८ पानांत हा प्रश्न नाही, माझ्या डोक्यातही आला नव्हता. उत्तर शोधून ठेव, ती विचारणार आहे.

रविवारी सकाळी ये. पहिली दहा पानं घरीच ठेव. दाराचा प्रसंग, दोन्ही गोंदणं आणि बुडण्याचा प्रसंग, एवढी पानं मोठी छापून आण, रंगीत. मोबाइल नको, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. फूटपट्टी माझ्याकडे आहे. येताना शेंगाचटणी आणलीस तर भाकरी इथे आहेच.

तुझा,
काका