ऑनलाइन मालाच्या भरवशावर जुनी पिकअप विकून मोठी गाडी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की नाशिकहून वाशीला भाजीपाला नेणारी तुमची 2016ची पिकअप विकावी, कर्ज काढून बंद बॉडीची मोठी गाडी घ्यावी आणि ती एखाद्या ऑनलाइन कंपनीच्या कामाला लावावी का. माझं म्हणणं, एवढ्यात विकू नका. मीही आधी कांदाच वाहायचो. गेली सात वर्षं माझ्या दोन गाड्या भिवंडीच्या गोदामांवर चालतात, म्हणून सविस्तर सांगतो.

भाजीपाल्यात आपण टनाचा हिशोब करतो. कांद्याची 50 किलोची 30 पोती भरली की दीड टन झाला, आणि हौदा दोन फूटही भरलेला नसतो. ऑनलाइन मालाचं उलटं आहे. समजा, 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरचं खोकं आहे आणि आत तीन किलोच्या उशा आहेत. कुरिअरवाले साधारण लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून 5000ने भागतात. म्हणजे या खोक्याचं वजन 19 किलो धरलं जातं. अशा मालाने गाडी छतापर्यंत भरते, पण वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांना काही जाणवतही नाही. म्हणून या कामात गाडी किती टन पास आहे हे नंतर विचारतात, आधी विचारतात ‘किती फुटी?’, म्हणजे मागची बॉडी किती फूट लांब. जास्त वजन पेलणारी गाडी घेण्यात जे पैसे जातात ते इथे वसूल होत नाहीत. माझी पहिली गाडी मी जुन्या सवयीने वजन बघूनच घेतली होती. तिचा जादा हप्ता चार वर्षं भरला.

दुसरी गोष्ट वेळेची. वाशीला तास-दोन तास उशीर झाला तर भाव पडतो, पण माल विकला जातो. इथे रात्री ठरलेल्या वेळेला गाडी गोदामाच्या दाराशी लागली नाही तर दंड कापतात, आणि तीन-चारदा झालं तर गाडीच काढून टाकतात. त्यामुळे ड्रायव्हर आधी पक्का करा, मग गाडी बघा. गाडी आणि माल मिळून एकूण वजन 7500 किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालतं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024मध्ये तेच कायम ठेवलं. 14 फुटी गाड्यांतल्या बऱ्याचशा यात बसतात. त्याच्या वर गेलात की हेवी लायसन्सवाला शोधा, आणि तो टिकवणं फार अवघड झालंय.

शहराशहरांतली लांबची वाहतूक 32 फुटी कंटेनरवर चालते. ते काम ज्यांच्याकडे पन्नास-शंभर गाड्या आहेत त्यांचं. आपल्यासारख्यांना दोनच जागा उरतात. एक, मोठ्या गोदामातून शहरातल्या छोट्या गोदामापर्यंत. दुसरी, तिथून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत. दारापर्यंतच्या कामात छोटा हत्ती, म्हणजे टाटा एससारखी छोटी चारचाकी, आणि तीनचाकी, त्यातही आता बॅटरीवाल्या. दिवसाला 60-70 किलोमीटर, रात्री गाडी परत त्याच जागी, म्हणजे चार्जिंगची चिंता नाही. शहरातल्या शहरात काम मिळणार असेल तर मी आज बॅटरीचीच घेईन. नाशिक-भिवंडीला मात्र नाही.

तुमच्या रस्त्यावर एक चांगला बदल झालाय. जून 2025मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यातच येतं. कसाऱ्याचा घाट टळतो, वेळ पाळता येते. टोल मात्र भाड्यात धरून बोला.

आता पैशांचं. कंपनी थेट आपल्याला काम देत नाही, मध्ये व्हेंडर, म्हणजे गाड्या पुरवणारा ठेकेदार असतो. माझे एका व्हेंडरकडे तीन महिन्यांचे पैसे अडकले होते, त्या काळात हप्ते मी बायकोचे दागिने ठेवून भरले. हे कुणावर येऊ नये असं मनापासून वाटतं. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी करून घ्या, फुकट होते. नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाला लेखी करार असेल तर 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. हा नियम 2024पासून लागू आहे, आणि त्याची आठवण करून दिली की फोन उचलले जातात.

गाडी घ्यायचीच ठरली तर 22 सप्टेंबर 2025पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्के झालाय, तो फरक कोटेशनमध्ये तपासा. जुनी गाडी अॅपवर फोटो बघून घेऊ नका. मी घेतली, आणि मागच्या मालकाची ई-चलनं माझ्या गळ्यात पडली. परिवाहनच्या साइटवर नंबर टाकून फिटनेस, विमा, कर आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा बघा, चलनं वेगळी तपासा, कर्ज फिटल्याची फायनान्स कंपनीची एनओसी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पण त्याआधी आहे त्याच पिकअपला बंद बॉडी बसवता येते का ते बघा. आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर विम्याच्या वेळी अडचण येते. सहा महिने तिच्यावर काम करा, त्यातली दिवाळीच्या सेलची गर्दी सोडून. सेलमध्ये कुणालाही काम मिळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याला किती फेऱ्या पडतात ते वहीत लिहून ठेवा, आणि तो आकडा घेऊन बँकेत जा.